तोमिलिनोची टीप

आमचं घराणं शिंप्याचं. आजोबा कराडला बाराबंद्या शिवायचे, वडिलांनी परळला चाळीच्या तोंडाशी दुकान थाटलं आणि मी मात्र मशीनवर कधी बसलो नाही. मी रशियन शिकलो. त्याचं कारण दुकानातल्या आरशाच्या वर चिकटवलेलं होतं. १९६१च्या अखेरीस यूरी गागारीन भारतात आला, मुंबईलाही आला, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रातलं त्याचं चित्र कापून विठोबाच्या तसबिरीशेजारी लावलं. गिरणगावाचा तो काळच लाल होता. मी तेव्हा रांगत असेन. पण पुढे चित्र पिवळं पडलं, कोपरे दुमडले, तरी भिंतीवरून हललं नाही. वडिलांची भक्ती खरी, पण डोळा कारागिराचा. गिऱ्हाईक नसलं की चित्राकडे बघून म्हणायचे, "माणूस लाखात एक. पण कपडा बेतणाऱ्याने पाट्या टाकल्यात. खांदा बघ कुठे उतरलाय!"

या शेऱ्याचं उत्तर मला तीस वर्षांनी मॉस्कोत मिळालं, एका बाईंकडून. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणता म्हणता कितीतरी दिवाळ्या गेल्या. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांनी आयुष्यभर आपलं नाव कुठे येऊ दिलं नाही. आधी सरकारी सक्ती होती म्हणून, नंतर अंगवळणी पडलं म्हणून. रशियन रीतीप्रमाणे मी त्यांना त्यांच्या नावाला वडिलांचं नाव जोडून हाक मारायचो, त्या मला 'सिनोक' म्हणायच्या, म्हणजे लेकरा. घरी पाठवलेल्या पत्रांत मात्र मी त्यांना मावशी लिहायचो. इथेही मावशीच म्हणतो.

पेडर रोडवरच्या सोव्हिएत संस्कृती भवनात भाषेचे वर्ग चालायचे, तिथे मी रशियन घासूनपुसून घेतली होती. त्या जोरावर मुंबईच्या एका औषध व्यापाऱ्याने मला दुभाषी म्हणून मॉस्कोला नेलं आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात तो देश उसवला. २५ डिसेंबर १९९१ला क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. २ जानेवारीला सरकारने भावांवरचा ताबा सोडला आणि त्या एका वर्षात महागाई पंचवीसपटीच्या वर गेली. आमच्या व्यापाऱ्याने गाशा गुंडाळला. माझा पगार थकलेला, परतीच्या तिकिटाची वाट बंद. मेट्रोच्या दारात म्हाताऱ्या बायका घरातली काचेची भांडी, नवऱ्याचे बूट, क्वचित एखादं पदक हातात धरून ओळीने उभ्या असत. अशा दिवसांत ज्याला काम नाही तो माणूस ऊब शोधतो. मी वेदेएनखा स्टेशनाजवळच्या अंतराळ संग्रहालयात जाऊन बसू लागलो. तिकीट स्वस्त होतं आणि आत गरम होतं.

हे संग्रहालय दिसतं मोठं मजेशीर. जमिनीवर टायटॅनियमने मढवलेला १०७ मीटरचा धुराचा लोट, त्याच्या टोकाला आभाळात घुसणारं रॉकेट. हे स्मारक १९६४चं. लोटाच्या पायथ्याशी, जमिनीच्या पोटात, संग्रहालय. ते गागारीनच्या उड्डाणाला वीस वर्षं होताना, १० एप्रिल १९८१ला उघडलं. रशियात कुठल्याही संग्रहालयात शिरताना ओव्हरकोट दारात काढून द्यावाच लागतो आणि कोटाला मानेपाशी आतून अडकवायची नाडी लागते. माझा कोट मुंबईचा. त्याला नाडी कुठली असणार? कोट घेणाऱ्या बाईंनी चारचौघांत माझी हजेरी घेतली. शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या मावशींनी काही न बोलता कोट घेतला, एप्रनच्या खिशातून सुई काढली, दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढला आणि उभ्याउभ्या नाडी लावून दिली. मी शिंप्याचा मुलगा. माझी नजर त्या टाक्यांवर. आठ-दहा टाके, सगळे एका मापाचे, आणि शेवटची गाठ अस्तराच्या आत अशी घेतलेली की बोटाला लागू नये. असा हात मी एकाच माणसाचा पाहिला होता. म्हटलं, "बाई, तुम्ही कारखान्यात शिवलेलं दिसतंय." त्या चमकल्या. मग हसल्या. "तुला काय कळतं रे शिवणीतलं?"

मावशी दालनात खुर्चीवर बसून राखणीचं काम करायच्या. पेन्शन पुरत नव्हती. त्याआधी सगळी नोकरी तोमिलिनोत. मॉस्कोच्या आग्नेयेला, कझान्स्की स्टेशनावरून लोकल गाडीने जायचं गाव. तिथला 'झ्वेझ्दा' हा कारखाना १९५२ साली सुरू झाला. लढाऊ विमानांच्या वैमानिकांसाठी दाब धरणारे पोशाख आणि पुढे सगळ्या सोव्हिएत अंतराळवीरांचे पोशाख इथेच बनले. मावशींनी तिथे रबर चिकटवलं, टिपा मारल्या, पुढे तपासणीला बसल्या. शेजारणींना एवढंच ठाऊक की ही शिवणकाम करते. त्या राज्यात गुप्ततेचा सोसच तसा होता. ज्याने हा सगळा पसारा उभा केला त्या सेर्गेई कोरोल्योवचं नावसुद्धा तो १९६६च्या जानेवारीत वारला तेव्हाच लोकांना कळलं. तोवर तो नुसता 'मुख्य रचनाकार'. मावशींच्या साहेबांची ती गत, तर मावशींची काय कथा!

माझी अडचण कळल्यावर मावशींनी मला तोमिलिनोला घरी नेलं. दोन खोल्यांचं घर, मुलगा दूर सैबेरियात. त्याची खाट मला दिली. भाड्याचा विषय काढला की बटाटे सोलायला बसवायच्या. पुढे भारतातून, इंग्लंड-अमेरिकेतून पाहुणे आले की त्यांना फिरवून आणायचं काम मला मिळू लागलं, तेही मावशींनी शब्द टाकला म्हणून. मी पाहुण्यांना तारखा सांगायचो. मावशी खुर्चीवरून ऐकायच्या आणि घरी जाताना गाडीत माझी परीक्षा घ्यायच्या.

एका संध्याकाळी मी त्यांना वडिलांचा शेरा सांगितला. खांदा उतरलाय म्हणून. मला वाटलं रागावतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून काचेच्या पेटीपुढे उभं केलं. "तुझ्या बापाला लिही, डोळा चोख आहे त्यांचा. पण त्यांनी बघितली ती खोळ." गागारीनचा पोशाख सगळ्या जगाने नारिंगी पाहिला. ती वरची नारिंगी, सैल कापडाची खोळ नुसती शोधणाऱ्यांना लांबून दिसावी म्हणून. तिला खांदा असला काय नि नसला काय! खरा पोशाख तिच्या आत: हवा धरणारा रबराचा थर, त्यावर फुगू न देणारं घट्ट कापड, दोऱ्यांनी अंगावर आवळून बसवलेलं. शिरस्त्राण पोशाखालाच जोडलेलं, सुटं निघत नसे. बाहीवर एक छोटा आरसा, कारण त्या जामानिम्यात मान खाली घालून छातीवरचं काही बघता येत नाही. शिरस्त्राणावरची देशाच्या नावाची लाल अक्षरं उड्डाणाच्या अगदी तोंडावर हाताने रंगवली. वर्षभरापूर्वीच अमेरिकेचं हेरगिरीचं विमान पाडून त्याचा वैमानिक पकडला होता. आभाळातून उतरलेल्या माणसाला गावकऱ्यांनी हेर समजून झोडपू नये ही काळजी. आणि उतरला तोही कसा? १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून यान खाली येताना सात किलोमीटरवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला आणि छत्रीने सारातोवजवळच्या शेतात आला. हे सरकारने अनेक वर्षं दाबून ठेवलं, कारण विक्रमाच्या आंतरराष्ट्रीय नियमात वैमानिकाने यानातूनच उतरायला हवं होतं. शेतात त्याला पहिल्यांदा पाहिलं ते वनरक्षकाच्या बायकोने आणि तिच्या नातीने. दोघी त्या नारिंगी आकृतीला भ्यायल्या. मावशींचं म्हणणं, "भ्यायल्या म्हणजे खोळीने आपलं काम केलं. दिसली ना लांबून!"

हे सगळं मी वडिलांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, पोस्टाच्या कृपेने बऱ्याच दिवसांनी. त्यात माझी चौकशी दोन ओळींत आणि मावशींना प्रश्न पानभर. रबरावर सुई चालवली तर भोकातून हवा जात नाही का? मापं उभ्याने घेता की बसवून? ट्रायल किती? मी रशियन करून वाचायचो, मावशी चष्मा वर सारून विचार करून उत्तर द्यायच्या, मी मराठीत लिहून पाठवायचो. रबराच्या थरावर शिवणीचं भोक राहूच द्यायचं नाही, ती चिकटवून हवाबंद करायची. टिपांचा खरा जोर पडतो तो वरच्या कापडावर. मापं भरपूर, कारण हरेक पोशाख एकाच माणसासाठी. त्याच्या आसनाचा साचासुद्धा त्याच्याच पाठीवरून प्लास्टरमध्ये काढलेला. आणि बेत बसलेल्या माणसाचा, गुडघे पोटाशी घेतलेल्या माणसाचा. म्हणून तर पोशाख चढवून बसकडे चालत जाणारे अंतराळवीर फोटोत वाकलेले दिसतात. हे वाचून वडिलांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं म्हणे, की तो माणूस वाकलाय ते कपड्यामुळे, आणि कपडा बरोबर आहे. पुढच्या खेपेला मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर त्यांनी मावशींसाठी पितळी अंगुस्ताण पाठवलं. परळचा शिंपी आणि तोमिलिनोची शिंपीण, दोघांची भेट कधीच झाली नाही. मी मधला दुभाषी. जन्मात मी एवढं चोख भाषांतर दुसरं कधी केलं नाही.

'सोकोल' नावाच्या पांढऱ्या पोशाखापुढे मात्र मावशी पाहुण्यांसमोर बोलत नसत. मला सांगितलं ते एकदाच, संग्रहालय बंद व्हायच्या वेळी. ३० जून १९७१. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव हे तिघे 'साल्यूत' या पहिल्या अंतराळस्थानकावर तीन आठवडे राहून 'सोयूझ ११'मधून परतत होते. यानाचे भाग सुटे होताना हवेची एक झडप उघडली, १६८ किलोमीटर उंचीवर, आणि आतली हवा निघून गेली. यान ठरल्याप्रमाणे कझाकस्तानात अलगद उतरलं. लोकांनी झाकण उघडलं तर तिघे आपापल्या जागी, गेलेले. त्यांच्या अंगावर दाबाचे पोशाख नव्हते. पोशाख घालून तिघे त्या यानात मावतच नव्हते, आणि तिघांना पाठवायचं हे तर वरून ठरलेलं. मावशी म्हणाल्या, "त्यांच्यासाठी आम्ही काही शिवलंच नव्हतं." त्यांच्या खात्याचा त्यात काडीइतका दोष नव्हता. पण वीस वर्षांनीही बाईंचा आवाज बदलला.

त्यानंतर तोमिलिनोत दिवसरात्र काम चाललं. यानातली एक जागा कमी केली, दोघेच जायचे, पण पोशाख सक्तीचा. १९७३च्या सप्टेंबरात 'सोयूझ १२'मधून 'सोकोल' पहिल्यांदा गेला. वजन दहा किलोच्या आसपास. तो चढवायची तऱ्हा मावशींनी मला पेटीच्या काचेवर बोट फिरवत दाखवली. छातीपासून खाली उघडणारा पोशाख. माणूस आत शिरला की आतल्या रबरी थराचा मोकळा घोळ पुढे उरतो. तो घोळ मुठीत गोळा करायचा, पीळ द्यायचा आणि पिठाच्या पिशवीचं तोंड बांधावं तसं रबराने आवळून टाकायचं. मग वरच्या चेन लावायच्या. मी विचारलं, "एवढंच? रबर?" एवढंच. झिजत नाही, अडकत नाही, हातमोज्यातल्या बोटांनाही जमतं. आजही सोयूझमधून जाणारा माणूस, मग तो अमेरिकन असो की जपानी, तसाच रबर आवळून बसतो. सोव्हिएत अंतराळविद्येवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात नेहमी मोठेपणाचीच टिमकी असते: पहिला उपग्रह, पहिला माणूस, पहिली बाई. माझ्या मते त्या लोकांचं खरं कसब या रबरात आहे. साधं ठेवलं, आणि साधं ठेवण्यात हयगय केली नाही.

'ओर्लान' पोशाखाची गंमत तर मी पाहुण्यांना हमखास दाखवायचो. छातीवरच्या पेटीवरची सगळी अक्षरं उलटी. पाहुणे म्हणायचे, छपाईची चूक. मग मावशी खुर्चीवरून उठून पर्समधला आरसा समोर धरायच्या आणि अक्षरं सुलटी व्हायची. अंतराळात चालणारा माणूस मनगटावरच्या आरशात बघून ती वाचतो. त्या पाठोपाठ पाहुणे बेल्का आणि स्त्रेल्काकडे पळायचे. १९६०च्या ऑगस्टमध्ये पृथ्वीला फेऱ्या मारून जिवंत परतलेल्या या दोन कुत्र्या पेंढा भरून काचेत ठेवल्या आहेत. गर्दी कायम तिथेच.

बाहेर तेव्हा वेगळंच चाललं होतं. जवळच्या प्रदर्शन-नगरातला 'कोस्मोस' हा प्रचंड मंडप, जिथे एकेकाळी याने मांडलेली असत, तिथे दुकानांचे गाळे पडले. टीव्ही, रोपं, बियाणं असलं काहीबाही विकायला. बाहेर 'वोस्तोक' रॉकेट उभंच. गॉर्की पार्कात 'बुरान' अवकाशविमानाचा चाचणीचा सांगाडा लोकांच्या करमणुकीला आला. ११ डिसेंबर १९९३ला न्यूयॉर्कला सदबीजने सोव्हिएत अंतराळ-वस्तूंचा लिलाव मांडला. चंद्रावर १९७३पासून उभी असलेली 'लुनोखोद २' ही गाडी ६८,५०० डॉलरला गेली. घेणाऱ्याला ती आणायला जाणं शक्य नाही. त्याच लिलावात 'इव्हान इव्हानोविच' गेला. हा माणूस नव्हे, बाहुला. गागारीनच्या आधी, १९६१च्या मार्चमध्ये, त्याच पोशाखात त्याला वर पाठवलं होतं. गावकऱ्यांना प्रेत वाटू नये म्हणून त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेआड 'नमुना' अशी पाटी लावलेली. मावशींनी बातमी ऐकली आणि विचारलं, "कपड्यांसकट विकला?" कपड्यांसकट. "मग सांभाळतील," म्हणाल्या. "इथे कसर लागली असती." तो पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये मांडला गेला. संग्रहालयं कशी टिकतात यावर मी नंतर बरंच वाचलं, पण मला वाटतं, त्या वर्षांत रशियातली ही दालनं जी वाचली ती तुटपुंज्या पगारावर खुर्चीत बसून राहिलेल्या अशा बायकांमुळे. त्यांचा उल्लेख कुठल्या पाटीवर नाही.

मी परतायच्या आधी मावशींनी मला कालूगाला नेलं. कियेव्स्की स्टेशनावरून लोकल गाडीने तीनेक तास. ओका नदीकाठचं हे गाव कोन्स्तान्तीन त्सिओल्कोव्स्की या शाळामास्तरांचं. लहानपणी लोहितांग ज्वराने कान गेलेले, शिक्षण बहुतेक ग्रंथालयात बसून; आणि या माणसाने १९०३ साली रॉकेटने पृथ्वी सोडता येते हे गणिताने मांडलं. गावात १९६७ला उघडलेलं मोठं संग्रहालय आहे, त्याची कोनशिला १९६१ला गागारीनने बसवली. पण मावशी मला आधी मास्तरांच्या लाकडी घरी घेऊन गेल्या. तिथे त्यांनी स्वतः पत्र्याचे बनवलेले कर्णे ठेवलेत, कानाला लावून ऐकायचे. एकेक असा लांब, की बोलणाऱ्याला त्याच्या तोंडात बोलावं लागे. माडीवर कामाची खोली, तिथून एक दार छपरावर उघडतं. मास्तर थट्टेने त्याला अंतराळाचं दार म्हणत. मावशींनी कर्ण्यांच्या पत्र्याचे सांधे निरखून पाहिले आणि मान डोलावली. त्यांच्याकडून ही मोठी पावती होती.

मी मुंबईला आलो, भाषांतराच्या कामात पडलो. पत्रं चालू राहिली, मग विरळ झाली. मॉस्कोचं संग्रहालय २००६ला डागडुजीसाठी बंद झालं ते २००९च्या १२ एप्रिलला मोठं होऊन उघडलं. 'कोस्मोस' मंडपातले गाळे गेले आणि २०१८ला तिथे पुन्हा याने आली. हे पाहायला मावशी नव्हत्या. मुलाने कळवलं, सामानात पितळेचं काहीतरी सापडलंय, कशाचं ते कळत नाही. मी त्याला अंगुस्ताण काय असतं ते लिहून कळवलं आणि ठेवून घ्यायला सांगितलं.

मावशींचं ऋण फेडायला रशियाला जायची गरज नाही. ३ एप्रिल १९८४ला राकेश शर्मा मालिशेव आणि स्त्रेकालोव यांच्याबरोबर 'सोयूझ टी-११'मधून गेले. तोवर यानात पोशाखासकट तिघांची जागा झाली होती. ते परतले 'टी-१०'मधून. ती 'टी-१०'ची कुपी दिल्लीला तीन मूर्तीच्या आवारात, नेहरू तारांगणात ठेवली आहे. राकेश शर्मांचा पोशाखही तिथेच आहे. दिल्लीला गेलात तर जरूर जा. मुलांना बरोबर न्या, कुपीशेजारी फोटो काढा. पण पोशाखापुढे थोडं जास्त थांबा आणि शिवण बघा. तो तोमिलिनोत शिवलेला आहे.